संचय आणि सूची : संशोधन-संकेतस्थळे व मराठीचा अभ्यासक

१

संशोधनाची साधने बदलली की संशोधनाच्या सवयीही बदलतात. हस्तलिखितांकडून मुद्रित ग्रंथांकडे येताना मराठीच्या अभ्यासाने हा अनुभव घेतला आहे. गेल्या तीन दशकांत मुद्रित ग्रंथांकडून महाजालावरील संशोधन-संकेतस्थळांकडे वळताना तो पुन्हा घेतला जात आहे. या संकेतस्थळांविषयी मराठी विभागांतून सामान्यतः दोन मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे आता सर्व काही घरबसल्या मिळते. ग्रंथालयाच्या पायऱ्या झिजविण्याचे कारण उरलेले नाही. दुसऱ्या मताप्रमाणे ही सारी व्यवस्था विज्ञानाच्या आणि इंग्रजीच्या सोयीची आहे. मराठीच्या अभ्यासकाच्या पदरात तिच्यातून फारसे काही पडत नाही. पहिले मत भाबडे आहे आणि दुसरे हताश. दोन्ही मतांत एक मूलभूत प्रश्न निसटून जातो : संशोधन-संकेतस्थळाकडे अभ्यासक नेमकी कोणती गरज घेऊन जातो, आणि ती गरज भागविण्याची जबाबदारी कोणाची?

या प्रश्नाचा विचार करताना संचय आणि सूची यांतील भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. ग्रंथ, प्रबंध वा लेख एकत्र आणून ठेवणे म्हणजे संचय. त्या संचयातील अमुक एक गोष्ट अमुक एका गरजवंताला सापडेल अशी तिची नोंद करणे म्हणजे सूची. संगणकामुळे संचय करणे अत्यंत सुलभ झाले. सूची करणे मात्र पूर्वीइतकेच कष्टाचे राहिले. मराठीच्या अभ्यासकाच्या वाट्याला येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या विषमतेत आहे.

२

महाजालाचा जन्मच मुळी संशोधकांच्या गरजेतून झाला. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेत हजारो संशोधक येत-जात असत, आणि त्यांच्याबरोबर संस्थेतील कामाची माहितीही विखरून जात असे. ती एकमेकींशी जोडलेल्या स्वरूपात टिकवावी या हेतूने टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जो प्रस्ताव मांडला त्यातून पुढे महाजाल उभे राहिले. डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतील पहिले संकेतस्थळ कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रेषीय त्वरक केंद्रात सुरू झाले. त्यामागील हेतू मराठीच्या अभ्यासकाने मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘स्पायर्स’ या नावाची एक सूची तेथील ग्रंथपालांनी आणि भौतिकशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे खपून तयार केली होती. उच्च ऊर्जा भौतिकीतील प्रकाशनपूर्व निबंधांची नोंद तिच्यात असे. ती सूची जगभरच्या अभ्यासकांना पाहता यावी म्हणून ते संकेतस्थळ उघडण्यात आले. म्हणजे संशोधनासाठी महाजालाचा जो पहिला मोठा उपयोग झाला तो एका सूचीचे दार उघडण्यासाठी.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९९१ मध्ये, पॉल गिन्सपार्ग यांनी लॉस अलामॉस येथे प्रकाशनपूर्व निबंधांचे जे भांडार सुरू केले ते पुढे ‘अर्काइव्ह’ या नावाने प्रसिद्धीस आले. तोपर्यंत अशा निबंधांच्या प्रती टपालाने पाठविल्या जात. नामांकित संस्थांतील मंडळींना त्या लगेच मिळत, दूरच्या लहान संस्थांतील संशोधकाला मात्र त्या उशिरा मिळत किंवा मिळतच नसत. ही विषमता त्या भांडाराने पुष्कळ अंशी दूर केली. २०२२ च्या आरंभी तेथील निबंधांची संख्या वीस लाखांवर गेली. भांडार चालविणारे आणि वापरणारे एकाच क्षेत्रातले होते. आपल्या सहकाऱ्याला काय हवे असते हे त्यांना ठाऊक होते.

खगोलशास्त्राचे उदाहरण तर याहूनही बोलके आहे. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्याची पहिली अडचण नावांची असते. मराठीत ज्याला व्याध म्हणतात तो तारा पाश्चात्त्य परंपरेत सिरियस आहे, बायरच्या पद्धतीने आल्फा कॅनिस मेजोरिस आहे आणि हेन्री ड्रेपर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तारासूचीत तो ४८९१५ या क्रमांकाने नोंदलेला आहे. एका संशोधकाने एका नावाने लिहिले आणि दुसऱ्याने दुसऱ्या, तर दोघांचे लेखन एकत्र कसे यावे? फ्रान्समधील स्ट्रासबूर येथील खगोलीय माहिती केंद्राने ‘सिम्बाद’ नावाची जी व्यवस्था उभारली तिच्यात एका खगोलीय वस्तूची सर्व नावे एका नोंदीखाली आणली आहेत. कोणत्याही शास्त्रीय नावाने वा क्रमांकाने शोध घेतला तरी अभ्यासक त्याच ताऱ्यापाशी पोहोचतो. अमेरिकेत ‘नासा’च्या साहाय्याने १९९० च्या दशकाच्या आरंभी उभी राहिलेली खगोलभौतिकीय निबंधांची सूची या नामसंग्रहाशी जोडण्यात आली. तिच्यात लेखकांच्या नावांच्या पर्यायी लेखनाचीही नोंद ठेवली गेली, आणि जुन्या नियतकालिकांचे अंक प्रतिमारूपाने क्रमशः उपलब्ध करण्यात आले.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. यंत्र सर्वांना सारखेच उपलब्ध होते; परंतु आपल्या विषयातील अभ्यासक कशाच्या आधारे शोध घेतो, हे त्या त्या विषयाच्या जाणकारांनी आधी ठरविले आणि तशी नोंद केली. ताऱ्याची अनेक नावे एक आहेत हे यंत्राला कोणीतरी सांगावे लागले.

३

साहित्याचा अभ्यासक कशाच्या आधारे शोध घेतो? या बाबतीत ग्रंथालयशास्त्राने काही मोलाची निरीक्षणे नोंदविली आहेत. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली त्यांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीचे आहे. ग्रंथ उपलब्ध असणे पुरेसे नाही, तो वाचकाला वेळेवर सापडला पाहिजे, हा त्याचा आशय. १९८९ मध्ये मार्सिया बेट्स यांनी माहितीच्या शोधाला रानफळे वेचण्याची उपमा दिली. करवंदांच्या जाळीतून फिरणाऱ्याला सारी फळे एका ठिकाणी मिळत नाहीत. एक जाळी दुसरीकडे नेते, आणि कोणते फळ हवे याची कल्पनाही वेचता वेचता बदलत जाते. अभ्यासकाचा शोधही असाच टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो. एका प्रश्नाला एक उत्तर देऊन थांबणारे शोधयंत्र या स्वभावाला पुरे पडत नाही.

बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे गेटी संस्थेच्या प्रकल्पात मानव्यविद्येच्या अभ्यासकांनी संगणकीय शोधासाठी वापरलेल्या शब्दांचे पृथक्करण केले. त्याचा पहिला अहवाल १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की विज्ञानाचा अभ्यासक प्रामुख्याने विषयवाचक सामान्य संज्ञांनी शोध घेतो, तर मानव्यविद्येचा अभ्यासक व्यक्तींची नावे, स्थळे, कालखंड आणि कृतींची नावे यांवर मोठ्या प्रमाणात विसंबतो. मराठीच्या कोणत्याही अध्यापकाला हे निरीक्षण आपल्या अनुभवाशी ताडून पाहता येईल. ‘कवितेतील प्रतिमा’ हा विषय घेऊन कोणी संकेतस्थळाकडे जात नाही असे नाही. परंतु अधिक वेळा शोध असतो तो अमुक एका कवीच्या अमुक संग्रहावर, अमुक नियतकालिकात, अमुक सुमारास काय लिहिले गेले याचा. साहित्यसंशोधनाची गरज ही प्रथम विशेषनामांची गरज आहे.

नेमक्या याच ठिकाणी मराठीतील विशेषनामे शोधयंत्राला चकवतात. केशवसुत आणि कृष्णाजी केशव दामले, बालकवी आणि त्र्यंबक बापूजी ठोमरे, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर, ग्रेस आणि माणिक गोडघाटे या जोड्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला पाठ असतात. यंत्राच्या लेखी मात्र त्या वेगवेगळ्या व्यक्ती आहेत. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेखन बाळकराम या नावाने केले. तीन नावांनी शोध घेतल्याशिवाय एक लेखक पुरा हाती लागत नाही. प्राचीन वाङ्मयात याच्या उलट अडचण येते. ‘नामा’ ही एकच मुद्रा असलेली रचना संत नामदेवांची की नंतरच्या विष्णुदास नाम्याची, या प्रश्नावर मराठी संशोधनाने पिढ्या खर्ची घातल्या आहेत. एका नावाआड दोन कवी आहेत हे जेथे विद्वानांना वादविवादानंतर उमगले तेथे शोधयंत्राकडून काय अपेक्षा करावी?

‘ख्रिस्तपुराणा’चे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. त्याची सालढाणा यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९०७ मध्ये मंगळूरला निघाली. देवनागरीतील हस्तलिखित लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेतील मार्सडेन संग्रहात आहे. ग्रंथाचे नाव कोठे ‘ख्रिस्तपुराण’, कोठे ‘क्रिस्तपुराण’, तर रोमन लिपीत याहूनही निरनिराळ्या वर्णांनी लिहिलेले आढळते. कर्त्याचे नाव इंग्रजी वळणाने स्टीफन्स, तर पोर्तुगीज वळणाने एस्तेव्हांव असे होते. गोवा, कर्नाटक आणि इंग्लंड अशा तीन ठिकाणी विखुरलेली ही सामग्री एका मराठी ग्रंथाची आहे. ती एकत्र दाखविणारी नोंद कोणी केली नाही तर तिन्ही संग्रह महाजालावर येऊनही अभ्यासकाला त्यांतील एकच भेटण्याचा संभव अधिक.

४

भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे ‘शोधगंगा’ हे भांडार मराठीच्या अभ्यासकाला सर्वांत जवळचे. ते चालविणाऱ्या ‘इन्फ्लिबनेट’ या केंद्राचा उगम १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्रीय संस्थेच्या छत्राखालील प्रकल्प म्हणून झाला आणि १९९६ मध्ये ते स्वतंत्र आंतरविद्यापीठ केंद्र बनले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच. डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आवश्यक केले. त्यातून वाढत गेलेल्या या भांडारात आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पूर्वी एखाद्या विद्यापीठात मान्य झालेला मराठी प्रबंध पाहावयाचा तर त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसावे लागे. तालुक्याच्या महाविद्यालयातील अध्यापकाला आज तो तेथूनच वाचता येतो. ‘अर्काइव्ह’ने लहान संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञासाठी जे केले तेच येथे घडले आहे.

असे असूनही या भांडारात मराठी प्रबंध शोधणे कष्टाचे का होते, हे पाहिले पाहिजे. पहिले कारण नोंदीतील लिपीचे. मराठी प्रबंधाचे शीर्षक कोठे देवनागरीत, कोठे रोमन लिपीत, कोठे इंग्रजी भाषांतराच्या रूपात दिलेले असते. रोमन लिपीतील लेखनाला तर धरबंधच नाही. ‘ज्ञानेश्वर’ या एका नावातील ‘ज्ञ’ कोणी मराठी उच्चाराप्रमाणे ‘डी-एन-वाय’ने, कोणी संस्कृत परंपरेप्रमाणे ‘जे-एन’ने, तर कोणी हिंदी वळणाने ‘जी-वाय’ने लिहितो, पुढील ‘श्व’मध्येही दोन पर्याय संभवतात. ज्याला एकच लेखन ठाऊक आहे त्याला ज्ञानेश्वरविषयक प्रबंधांचा काही अंशच दिसतो, आणि एवढेच काम झाले आहे असा त्याचा समज होतो.

दुसरे कारण अक्षरांच्या संगणकीय रूपाचे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरीचा समावेश होता. तरीही पुढे दीर्घकाळ मराठी टंकलेखन जुन्या फाँटांतच होत राहिले. अशा फाँटातील प्रबंध पडद्यावर मराठी दिसतो. परंतु त्यातील ओळ उचलून दुसरीकडे ठेवली की निरर्थक रोमन चिन्हांची रांग उमटते. छापील पानांची केवळ छायाचित्रे असलेला प्रबंध यंत्राच्या दृष्टीने कोराच असतो. युनिकोडमध्येही सारे निर्वेध नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो, ‘ॲ’ हे अक्षरही दोन प्रकारे साधता येते. डोळ्यांना जे एकच दिसते ते यंत्राला दोन शब्द वाटतात. त्यात लेखनपद्धतीतील पालटाची भर पडते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी व्युत्पत्तीने सिद्ध न होणारे अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या ग्रंथांत ‘कांहीं’ आणि ‘नाहीं’ आहेत, नंतरच्या ग्रंथांत ‘काही’ आणि ‘नाही’. जुन्या लेखनाचा शोध नव्या शुद्धलेखनाने घेणारा विद्यार्थी रिकाम्या हाती परततो.

तिसरे कारण नोंदीच्या आशयाचे, आणि ते तंत्रज्ञांवर ढकलता येण्यासारखे नाही. मराठी प्रबंधांच्या पुष्कळ नोंदींत विषयदर्शक शब्द म्हणून ‘साहित्य’, ‘भाषा’, ‘मानव्यविद्या’ असे इतके व्यापक शब्द दिलेले असतात की त्यांचा काही उपयोग नसतो. सारांश नसतो, किंवा प्रस्तावनेतील पहिला परिच्छेद सारांशाच्या जागी ठेवलेला असतो. प्रबंधात अभ्यासलेल्या लेखकांची आणि कृतींची नावे नोंदीत येत नाहीत. प्रकरणे वेगवेगळ्या फायलींत विभागलेली असतात. चौथ्या प्रकरणात काय आहे हे ती फाईल उघडल्याशिवाय कळत नाही. ही माहिती ज्याला सर्वांत चांगली ठाऊक असते तो संशोधक आणि त्याचा मार्गदर्शक नोंद भरण्याचे काम कार्यालयीन सोपस्कार समजून दुसऱ्या कोणावर सोपवितात.

५

या उणिवांचे परिणाम गैरसोयीपुरते मर्यादित राहत नाहीत. त्यांतील पहिला परिणाम पुनरावृत्तीचा. आधीचे काम न सापडल्यामुळे त्याच लेखकावर, त्याच अंगाने, त्याच निष्कर्षांचे प्रबंध लिहिले जातात. दुसरा परिणाम शोधनैतिकतेचा. वाङ्मयचौर्याविषयीचे आयोगाचे विनियम २०१८ मध्ये आले आणि २०१९ पासून विद्यापीठांना साम्यतपासणीची संगणकीय सोय उपलब्ध करून देण्यात आली. परंतु यंत्राला वाचताच न येणाऱ्या मराठी प्रबंधातून उचललेला मजकूर या तपासणीत उघडकीस येणे कठीण. याचा तोटा प्रामाणिक संशोधकालाच होतो, कारण त्याचे श्रम अदृश्य राहतात आणि उचलणाऱ्याचे श्रेय दृश्य होते.

तिसरा परिणाम सर्वांत गंभीर आहे. जे सापडते त्याचाच अभ्यास होतो, आणि ज्याचा अभ्यास होतो त्याचाच वाङ्मयेतिहास बनतो. ग्रंथरूपाने आलेले, मोठ्या प्रकाशनांचे, पाठ्यपुस्तकांत स्थिरावलेले लेखक कोणत्याही व्यवस्थेत सापडतात. परंतु मराठी वाङ्मयाचा फार मोठा भाग नियतकालिकांत राहिला आहे. १८६७ मध्ये सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’पासून १९८२ मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथे’पर्यंत, साठोत्तरी लघु-अनियतकालिकांपासून ‘अस्मितादर्श’पर्यंत अनेक नियतकालिकांनी वाङ्मयीन वळणे घडविली. जिल्ह्याच्या ठिकाणी निघालेल्या आणि चार-सहा अंकांनंतर थांबलेल्या अनियतकालिकांत लिहिणारे दलित, ग्रामीण, आदिवासी लेखक आणि लेखिका यांपैकी कित्येकांचे लेखन पुढे पुस्तकरूपाने आलेच नाही. त्यांच्या नावांची नोंद कोणत्याही सूचीत नसेल तर संकेतस्थळावर शोध घेणाऱ्या पुढील पिढीच्या लेखी ते लिहीतच नव्हते. ग्रंथालयातील धूळ झटकून एखादा अंक अवचित हाती येण्याची शक्यता तरी होती. शोधयंत्राच्या युगात तीही उणावत चालली आहे.

शासकीय धोरणाची दिशाही येथे विचारात घ्यावी लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेतून तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य शासनांच्या उच्चशिक्षण संस्थांना खुली करण्याचे ठरले. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला तिचा मोठा लाभ आहे, आणि साहित्यसिद्धान्ताच्या अभ्यासकालाही ती उपयुक्त आहे. मात्र मराठी संशोधनाची पायाभूत सामग्री कोणत्याही परदेशी प्रकाशकाकडून वर्गणी भरून विकत घेता येत नाही. ती मराठीच्या अभ्यासकांनीच सिद्ध करावी लागेल.

६

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, अक्षरे ओळखणारी यंत्रे आता देवनागरीही बऱ्यापैकी वाचू लागली आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने लवकरच सर्व मजकूर शोधता येईल, मग सूचीचा खटाटोप कशाला? यंत्राची ही प्रगती खरी आहे आणि स्वागतार्हही. जुन्या अंकांतील मजकूर शोधण्याजोगा झाला तर सूचीकाराचे निम्मे श्रम वाचतील. परंतु शब्द सापडणे आणि विषय सापडणे यांत अंतर असते. टोपणनावामागील लेखक, अनुल्लेखित अनुवादाचे मूळ, एका मुद्रेआडचे दोन कवी यांचा निर्णय प्रमाणांच्या आधारे घ्यावयाचा असतो, आणि तो चुकला तर कोणी तरी उत्तरदायी असावे लागते. शिवाय यंत्र जे शिकते ते उपलब्ध नोंदींवरून शिकते. नोंदीच सदोष असतील तर तोच दोष अधिक आत्मविश्वासाने पुढे पोहोचविला जाईल.

दुसरा आक्षेप साधनांच्या अभावाचा. विज्ञानशाखांकडे पैसा आहे, मनुष्यबळ आहे. दोन-तीन अध्यापकांवर चालणाऱ्या मराठी विभागाने हे कसे करावे? विभागांची अवस्था बिकट आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि मराठीच्या परंपरेतच याचे उत्तर आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या कालखंडांतील मुद्रित मराठी ग्रंथांची सूची संगणकाचे नावही नसताना सिद्ध केली. दाते, काळे आणि बर्वे यांची १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांची सूची ही तर अशा सहकार्याचेच फळ. आजही जुन्या कालखंडावर काम करणारा अभ्यासक प्रथम या सूचींकडे वळतो. शिकागो विद्यापीठाच्या कोश-संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश जगातील कोणालाही सहज पाहता येतो. कोश महाजालावर इतका सुखाने नांदतो याचे कारण तो मुळातच सूचीच्या शिस्तीने रचलेला असतो. ज्यांनी पूर्वी शिस्तीने नोंदी केल्या त्यांचे काम नव्या साधनात आपोआप तरून गेले. जेथे नोंदीची शिस्त नव्हती तेथे साधन नवे असूनही सामग्री हरवलेलीच राहिली.

मराठी विभागांना करता येण्याजोग्या गोष्टी आवाक्याबाहेरच्या नाहीत. प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारावा आणि त्याची नोंद संशोधकाने स्वतः भरून मार्गदर्शकाने तपासावी. शीर्षक देवनागरीत द्यावे आणि रोमन रूप एका ठरावीक पद्धतीने द्यावे. प्रबंधात अभ्यासलेल्या लेखकांची मूळ नावे, टोपणनावे आणि कृतींची नावे यांची यादी जोडणे आवश्यक करावे. प्रत्येक विभागाने आपल्या जिल्ह्यातील एक जुने नियतकालिक निवडून त्याच्या अंकांची लेखकवार व विषयवार सूची करावी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लघुप्रबंधासाठी हे काम द्यावे. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी एकत्र येऊन मराठी लेखकनामांची एक प्रमाणसूची उभारावी आणि ती सर्व संकेतस्थळांना मुक्तपणे वापरू द्यावी. ‘सिम्बाद’ने ताऱ्यांसाठी जे केले ते मराठी लेखकांसाठी करणे अशक्य नाही, मराठी लेखकांची संख्या ताऱ्यांहून निश्चितच कमी आहे.

याकरिता एक मानसिक बदल मात्र घडावा लागेल. सूची करणे हे दुय्यम, कारकुनी स्वरूपाचे काम आहे आणि समीक्षा हेच खरे संशोधन, असा एक समज विभागांतून रुजलेला आहे. सूचीकाराला पदोन्नतीच्या वेळी त्याच्या श्रमांचे माप मिळत नाही, आणि म्हणून तरुण अध्यापक त्या वाटेला जात नाहीत. वास्तविक एखादा लेख कोणाचा, कोणत्या अंकातला, कोणत्या आवृत्तीत बदललेला, हे ठरविण्यास लागणारी चिकित्सा समीक्षेहून हलक्या प्रतीची नसते. विभागांच्या अभ्यासमंडळांनी आणि निवडसमित्यांनी सूचीकार्याला संशोधनाचा दर्जा दिला तर पुढील दहा वर्षांत चित्र पालटू शकेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. त्या निमित्ताने नवी केंद्रे, नव्या योजना, नवी संकेतस्थळे यांची चर्चा सुरू आहे. लक्षावधी पाने महाजालावर चढविल्याचे आकडे पुढील काळात प्रसिद्ध होतील आणि ते आकडे समाधान देणारेही असतील. परंतु परभणीचा पदव्युत्तर विद्यार्थी, पणजीतील अध्यापक किंवा तंजावरच्या मराठी हस्तलिखितांचा परदेशी अभ्यासक या पानांतून स्वतःला हवे असलेले एक पान किती वेळात शोधू शकतो, यावरच त्या योजनांचे यश मोजावे लागेल. ते पान त्याला सापडेल अशी नोंद करणे हे मराठीच्या जाणकारांचे काम आहे, आणि ते त्यांच्यावाचून दुसरे कोणी करणार नाही.